बर्फात नाळ नको, सोंड धरा: हिमालयात निघालेल्या पुणेकर ट्रेकरांसाठी हिमस्खलनाची तयारी

डिसेंबर लागला की टेकडीवर एकच चर्चा: केदारकंठा की ब्रह्मताल? मार्च संपता संपता तीच मंडळी रूपीन आणि सार पासवर येतात. बूट कुठले, जॅकेट किती थरांचं, थर्मल दोन की तीन, सगळ्यावर वाद होतात. समोरचा उतार किती अंशांचा आहे, हे विचारणारा मला क्वचित भेटतो.

गंमत अशी की सह्याद्रीत मुरलेला माणूस बर्फात नवख्यापेक्षा जास्त चुकतो. नवखा घाबरतो आणि विचारतो. मुरलेल्याचे पाय आपोआप चालतात, आणि त्या पायांना शिकवलेलं असतं ते दगडमातीचं शहाणपण: वर जायचं तर नाळ (कड्यातली घळ) शोध, गट तुटू देऊ नको, मळलेली वाट सोडू नको. बर्फाच्या उतारावर हे तिन्ही सल्ले उलटे पडतात. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. मधला एखादा गाळून पुढे गेलात तर पुढच्याचा उपयोग निम्मा होतो.

हे वाचून प्रशिक्षण झालं असं मात्र समजू नका. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था यांच्या कोर्सला पर्याय नाही.

टप्पा १: घरी बसून कोन काढा

लादीसारखा तुटून येणारा बर्फ बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतो. सगळ्यात वाईट पट्टा ३५ ते ४० अंशांचा. ३० च्या खाली बर्फ सहसा सुटत नाही, आणि फार उभ्या कड्यावर तो जाड साचतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. म्हणजे धोक्याचा कोन नेमका तोच, जो आपल्याला 'चढायला मस्त' वाटतो.

आधी नकाशा घ्या. १:५०,००० च्या नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये ४० मीटरची उंची असेल, तर ३० अंशांच्या उतारावर त्या रेषा साधारण १.४ मिलिमीटर अंतरावर येतात आणि ४५ अंशांवर ०.८ मिलिमीटरवर. रेषांचं अंतर दीड मिलिमीटरच्या आत आलं की तिथे लाल पेन्सिल फिरवा. मोबाइलच्या नकाशातली उताराची रंगछटा सोयीची आहे, पण तिच्यामागचा उंचीचा डेटा बहुधा ३० मीटरच्या चौकटींचा असतो. पंधरा मीटरचा छोटा उभा टप्पा त्यात सपाट होऊन जातो, आणि माणूस गाडायला तेवढा पुरतो.

लाल पट्टा फक्त पायांखाली बघू नका. वाट सपाट दरीतून जात असेल आणि डोक्यावर ३८ अंशांचा उतार असेल, तर तुम्ही त्या उताराच्या तोंडातच आहात.

दुसरं काम काठीचं. १२० सेंटीमीटरच्या दोन ट्रेकिंग काठ्या घ्या. एका काठीवर टोकापासून ६९, ८४ आणि १०० सेंटीमीटरवर रंगीत चिकटपट्टी लावा. उतारावर ही काठी उभी, ओळंब्यात धरा. दुसरी काठी आडवी, समपातळीत, चढाच्या दिशेने अशी धरा की तिचं टोक वरच्या बाजूला बर्फाला जेमतेम टेकेल. आडव्या काठीची मूठ उभ्या काठीवर ६९ च्या खुणेला आली तर उतार ३० अंशांचा, ८४ ला ३५ चा, १०० ला ४० चा. काठ्या वेगळ्या लांबीच्या असतील तर लांबीला ०.५८, ०.७० आणि ०.८४ ने गुणून खुणा करा. उभी काठी बर्फात रुतवू नका, नुसती टेकवा. दहा सेंटीमीटर रुतली की उत्तर चुकलंच.

तपासा: जायच्या आधी दोन रविवार वेताळ टेकडीवर किंवा सिंहगडाच्या वाटेवर आधी डोळ्याने कोन सांगायचा आणि मग काठीने मोजायचा. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा ज्याला छातीठोक ४५ म्हणालो होतो तो उतार २८ निघाला. चढताना उतार जास्त उभा वाटतो; वरून खाली बघताना तर विचारूच नका.

टप्पा २: परतीच्या तिकिटात फट ठेवा

हा टप्पा लोक हसण्यावारी नेतात. पण शुक्रवारी खिंड ओलांडायची, शनिवारी खाली उतरायचं, रविवारी प्रवास आणि सोमवारी हिंजवडीत लॉगिन, असं वेळापत्रक असेल तर हिमवर्षाव झाल्यावर निर्णय तुम्ही घेत नाही, तिकीट घेतं. जोरदार बर्फ पडल्यानंतरचे पहिले २४ ते ४८ तास सगळ्यात नाजूक असतात, म्हणून किमान दोन रिकामे दिवस हवेतच. ते वापरले गेले नाहीत तर मनालीत बसून सिड्डू खा.

निघण्यापूर्वी गटाने लिहून ठरवायचं: कोणत्या परिस्थितीत मागे फिरायचं, आणि एकानेही 'नको' म्हटलं तर चर्चा न करता फिरायचं. हे पुण्यातच ठरवा. चार हजार मीटरवर, दमलेल्या मेंदूने आणि समोर खिंड दिसत असताना ते ठरत नाही.

टप्पा ३: बीकन, प्रोब, फावडं

तिन्ही वस्तू प्रत्येकाकडे हव्यात, गटात मिळून एक संच नव्हे. बीकन अंगावर, प्रोब आणि फावडं पाठीवरच्या सॅकमध्ये. फावडं धातूचंच घ्या. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो आणि प्लास्टिकचं पातं पहिल्या दहा घावांत मोडतं. प्रोब म्हणजे बर्फात खुपसून गाडलेला माणूस चाचपायची लांब, घडीची काठी; ती किमान २४० सेंटीमीटरची हवी.

बीकन म्हणजे ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारं आणि पकडणारं छोटं यंत्र. ते थर्मलवर, जॅकेटच्या आत, पट्ट्याने बांधायचं. सॅकमध्ये ठेवायचं नाही, कारण सॅक अंगापासून वेगळी होऊ शकते. मोबाइल, पॉवरबँक, कॅमेरा यांपासून ते चालताना किमान २० सेंटीमीटर आणि शोधताना किमान ५० सेंटीमीटर दूर हवं. बॅटरी उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचीच घाला. चार्जिंगच्या बॅटऱ्या घालून पैसे वाचवणारे आहेत. त्यांत यंत्रावरचा टक्क्यांचा आकडा खोटा दिसतो.

सराव टेकडीवरही होतो. एक बीकन 'सेंड'वर ठेवून जुन्या गोणपाटात गुंडाळा आणि पालापाचोळ्याखाली लपवा. शोधणाऱ्याने पन्नास मीटरवरून सुरुवात करायची. तीन मिनिटांच्या आत नेमकी जागा सापडेपर्यंत हा खेळ चालू ठेवा. आमच्यातल्या एका हुशार मित्राला पहिल्या दिवशी अकरा मिनिटं लागली. गोणपाटाखाली माणूस असता तर?

इशारा: उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. परदेशी ट्रेकरांचे व्हिडिओ बघून ती मागवू नका.

तिन्ही वस्तू मिळाल्या नाहीत तर? माझं मत स्पष्ट आहे: मग ३० अंशांवरच्या बर्फावर जायचं नाही आणि त्याच्या खालूनही जायचं नाही. वस्तू आहेत म्हणून जास्त उभ्या उतारावर जायचं, हेही तितकंच चूक.

टप्पा ४: आठ दिवस आधीपासून नोंदी

हिवाळ्यात पश्चिम हिमालयातला बर्फ मुख्यतः पश्चिमी विक्षोभांतून, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालींतून, येतो. त्यामुळे तुम्ही पोचाल त्या दिवशीचं हवामान पुरत नाही, आधीच्या आठवड्याचा हिशेब लागतो. एका वहीत रोज चार गोष्टी लिहा: किती बर्फ पडला, वारा किती व कोणत्या दिशेने, रात्रीचं तापमान, दुपारचं तापमान. शिमला, देहरादून आणि श्रीनगर इथल्या हवामान केंद्रांचे अंदाज बघा. (आपलं शिवाजीनगरचं 'शिमला ऑफिस' वेगळं, हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून तिथे आलं म्हणून ते नाव. तिथे चौकशी करून उपयोग नाही.) चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था, पूर्वीची 'सासे', हिमस्खलनाचे इशारे देते. त्यात जिल्हा आणि उंची दिलेली असते. तुमची उंची कुठे बसते ते पाहा.

इथली नेहमीची चूक म्हणजे इशाऱ्यातला मधला स्तर वाचून 'मध्यम आहे, चालतंय' म्हणणं. युरोपात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, आणि आल्प्समधल्या नोंदींत मृत्यूंचा सगळ्यात मोठा वाटा तिसऱ्या पायरीवरचा आहे. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घरात बसतात. तिसरीला बाहेर पडतात.

दुसरी चूक महिन्याची. 'अ‍ॅव्हलांच म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी' हा समज मोडायला उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा शिखरावरचा अपघात पुरे आहे: ४ ऑक्टोबर २०२२, पावसाळा नुकताच संपलेला, आणि गाडले गेले ते प्रशिक्षण घेणारे गिर्यारोहक.

टप्पा ५: बर्फाचे थर वाचा

घरात एक प्रयोग करा. मोठ्या परातीत कोरड्या साबुदाण्याचा पातळ थर पसरा, त्यावर पोळपाट पालथा ठेवा आणि परात हळूहळू कलती करा. एका क्षणी पोळपाट अख्खाच्या अख्खा घसरतो. वरून तो घट्ट आणि भरवशाचा दिसत होता. दगा दिला खालच्या दाण्यांनी. लादी हिमस्खलन असंच असतं: वर एकसंध लादी, खाली कच्चा थर, आणि मधे तुमचं वजन.

कच्चा थर बहुधा थंडीनेच तयार होतो. बर्फ कमी जाडीचा असेल आणि वर हवा कडाक्याची असेल, तर खालच्या उबदार जमिनीकडून वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण एकमेकांना सोडून टोकदार, साखरेसारखे होतात. दर १० सेंटीमीटरला १ अंशापेक्षा जास्त तापमानाचा फरक असला की ही क्रिया जोर धरते. म्हणून लडाख-झांस्करसारख्या कोरड्या, थंड भागात थोडा बर्फ म्हणजे थोडा धोका असं होत नाही. निरभ्र, शांत रात्रीनंतर बर्फावर उभी राहिलेली चमचमणारी पिसंही अशीच. फोटोला सुंदर, पण त्यांच्यावर नवा बर्फ पडला की तोच उद्याचा साबुदाणा.

सुरक्षित, हलक्या चढाच्या जागी फावड्याने मीटरभर खोल खड्डा करा, चढाकडची भिंत सरळ तासा आणि वरून खाली हात दाबत जा. मूठ आत जाते तो सगळ्यात मऊ थर, मग चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी. पेन्सिलच लागावी इतका घट्ट थर वर आणि त्याखाली अचानक मूठ घुसली, तर लादी आणि साबुदाणा दोन्ही सापडले. खालचे कण हातमोज्यावर घेऊन बघा. खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे सुटे राहिले आणि त्यांचा गोळा वळला नाही, तर त्या दिशेचे ३० अंशांवरचे सगळे उतार आजपुरते बंद.

इशारा: खड्डा फक्त 'नाही' सांगू शकतो, 'हो' नाही. खड्ड्यात काही सापडलं नाही म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही, कारण वीस मीटरवर थरांची जाडी वेगळी असते.

टप्पा ६: निघताना आणि चालताना बघायच्या खुणा

सकाळी आधी बीकनची तपासणी. म्होरक्या पुढे उभा राहतो, त्याचं यंत्र शोधण्याच्या स्थितीत, आणि एकेक जण त्याच्यासमोरून जातो. आवाज आला नाही तर कोणीच निघायचं नाही.

मग डोळे उघडे ठेवा. शेजारच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसलं, तर त्याच दिशेचा तुमचा उतारही तयार आहे. पावलाखालून बर्फात भेग सरसर पुढे पळाली, तरी तेच. २४ तासांत ३० सेंटीमीटर किंवा जास्त नवा बर्फ, बर्फावर पाऊस, किंवा दुपारी अचानक वाढलेली ऊब, यांपैकी काहीही असलं तरी बेत बदला.

वाऱ्याकडे दुर्लक्ष सगळ्यात जास्त होतं. आकाशातून दहा सेंटीमीटर पडलेला असताना धारेच्या आडोशाच्या बाजूला अर्धा मीटर साचलेला असू शकतो, कारण वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो. धारेवरून बर्फाची वळचण बाहेर आलेली दिसली तर ती ज्या बाजूला झुकली आहे तीच भरलेली बाजू. तिच्याखाली थांबू नका. वर असाल तर कडेला जाऊन फोटो काढू नका. ती तुम्हाला वाटतं त्याच्या बरीच मागून तुटते.

आणि आवाज. मार्चअखेरीस हिमाचलात आम्ही अकरा जण एका कलत्या मैदानावर गोळा होऊन ग्रुप फोटो काढत होतो. पायांखाली 'हुंप' असा दबका आवाज आला, जसं रिकाम्या पिंपावर कुणी पोतं टाकावं, आणि अख्खं मैदान दोन बोटं खाली बसलं. आम्ही हसलो. आमचा स्थानिक गाईड हसला नाही. "एक-एक करके, चुपचाप पीछे," एवढंच म्हणाला. उतार जेमतेम वीस अंशांचा होता म्हणून वाचलो. तो आवाज म्हणजे कच्चा थर खाली कोसळल्याचा. तो ऐकला की उभ्या उताराकडे जायचंच नाही.

वसंतात गणित वेगळं. रात्री गोठलेला बर्फ पहाटे दगडासारखा असतो, दुपारी त्याची पेज होते. तीन-चारला निघा आणि दहा-अकराच्या आत उभ्या उतारांखालून बाहेर पडा. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, मग दक्षिणेचे, मग पश्चिमेचे. पाय घोट्याच्या वर रुतायला लागला किंवा उतारावरून लाडू वळल्यासारखे बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, तर वेळ संपली. रात्रभर ढग होते आणि बर्फ गोठलाच नाही, तर वेळ सुरूच झाली नव्हती.

टप्पा ७: वाट निवडा, मग उतार ओलांडा

सह्याद्रीत नाळ म्हणजे कड्यातलं दार. बर्फात ती पन्हळ असते: वरच्या सगळ्या बाजूंचा बर्फ तिच्यातून खाली येतो आणि तळाशी खोल साचतो. जिथे पर्याय असेल तिथे सोंड (डोंगराची पुढे आलेली कड) किंवा धार धरा, दाट झाडीतून जा किंवा रुंद दरीच्या मध्यावरून चाला. पर्याय नसतो तेव्हा, उदाहरणार्थ रूपीन पासच्या शेवटच्या घळीत, ती पहाटे, गोठलेली असताना, कमीत कमी वेळात संपवा.

कोणताही उतार ओलांडण्यापूर्वी विचारा: हा सुटला तर मला कुठे नेईल? खाली मोकळं, हळूहळू सपाट होणारं मैदान असेल तर वाचायची संधी आहे. कडा, ओढा, दगडांचा खच किंवा अरुंद खड्डा असेल, तर छोटंसं हिमस्खलनही पुरेसं.

ओलांडायचंच ठरलं तर एका वेळी एकच जण. बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवणार. बिस्किटं खाणार नाहीत. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, सॅकचा छातीचा पट्टा सोडा, नाका-तोंडावर मफलर घ्या. पहिला पलीकडे खरोखर सुरक्षित जागी पोचल्यावरच दुसरा. उतार शक्य तितका वरून ओलांडा.

'आपल्याआधी वीस जण गेलेत, ठसे आहेत' हा युक्तिवाद टाकून द्या. लादी पहिल्याच्या वजनाने तुटेल असं नाही. एकविसाव्याचा पाय नेमका पातळ जागी पडला तर ती तेव्हा तुटते. हिमस्खलनात सापडलेल्यांच्या अपघातांत दहात नऊदा ते उतार त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच साथीदारांनी सोडवलेले असतात.

तंबूचं थोडक्यात. जागा ठरवली की मोबाइलच्या कोनमापकाने वरच्या बर्फाळ उताराच्या माथ्याकडे नजरेचा कोन मोजा. साधारण २५ अंशांपेक्षा जास्त आला तर बर्फ तुमच्यापर्यंत पोचू शकतो. २० च्या खाली आला तरी मोठ्या उतारांखाली निर्धास्त राहू नका. देवदारांच्या जंगलात पंख्यासारखी मोकळी पट्टी, वाकलेली झाडं किंवा फक्त चढाकडच्या फांद्या तुटलेले बुंधे दिसले, तर ती बर्फाची जुनी वाट. तिथे तंबू नाही, पाणी कितीही जवळ असो.

टप्पा ८: कोणी गाडला गेला तर

स्वतः सापडलात तर ओरडा, काठ्या फेका, उताराच्या कडेला निसटायचा प्रयत्न करा आणि वर राहण्यासाठी झगडा. वेग कमी होतोय असं जाणवलं की हात तोंडासमोर आणा आणि श्वासापुरती पोकळी करा. बर्फ थांबल्यावर बोटही हलत नाही.

बाहेर असलेल्यांसाठी पहिली दहा मिनिटं सगळं ठरवतात. तोवर बहुतेक जण जिवंत असतात. अर्ध्या तासानंतर थोडेच. म्हणून मदत आणायला खाली पळू नका. रेंज असेल तर एकाने ११२ लावा, बाकीच्यांनी क्रमाने हे करा:

१. वर बघा, दुसरं हिमस्खलन यायची शक्यता आहे का. माणसं मोजा. शेवटचं दिसलेलं ठिकाण लक्षात ठेवा.
२. सगळ्यांची बीकन शोधण्याच्या स्थितीत. एकाचं जरी 'सेंड'वर राहिलं तर सगळे त्यालाच शोधतात.
३. एकटे असाल तर ४० मीटरच्या पट्ट्यांनी नागमोडी खाली या. हात, बूट, सॅक वर दिसतात का ते पाहत राहा.
४. संदेश मिळाला की बाण धरून चाला. यंत्रावरचा अंतराचा आकडा तीनच्या आसपास आला की यंत्र बर्फालगत न्या, हळू फिरवा आणि सगळ्यात छोटा आकडा शोधा.
५. तिथून प्रोब बर्फाला काटकोनात खुपसा, २५ सेंटीमीटरच्या अंतराने गोल वाढवत. मऊ, उसळणारा स्पर्श झाला की प्रोब तिथेच राहू द्या.
६. प्रोबच्या खालच्या, उतरणीकडच्या बाजूने, खोलीएवढ्या अंतरावरून खणायला लागा. थेट डोक्यावर उभे राहून खड्डा करू नका. त्याची श्वासाची पोकळी तुम्हीच दाबाल. मीटरभर खोलीसाठी टनभर बर्फ हलवावा लागतो, म्हणून दर मिनिटाला पुढचा खणणारा बदला.

आधी डोकं आणि छाती मोकळी करा. तोंडातला, नाकातला बर्फ काढा. श्वास नसेल तर पहिले कृत्रिम श्वास द्या, मग छातीवरचे दाब. इथे माणूस आधी हवेअभावी गुदमरलेला असतो. हालवाहालव हळू करा, आडवा ठेवा, ओले कपडे बदला, खाली मॅट घाला. हात-पाय चोळू नका आणि थंड पडला म्हणून गेला असं ठरवू नका.

माणूस बाहेर आला की सगळ्यांची बीकन लगेच पुन्हा 'सेंड'वर करा. वरून दुसरी लादी येऊ शकते, आणि हे एक काम टेकडीवरच्या सरावातही दर वेळी कोणीतरी विसरतंच.